जठराचा कॅन्सर : ऑपरेशनच्या आधी केमो का देतात? किती महिने लागतात, घरी काय सांभाळायचं? वाचा सविस्तर

पोटात कॅन्सरची गाठ निघाली की घरातल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य असतं, ‘लवकर ऑपरेशन करून काढून टाका.’ अशा वेळी डॉक्टर म्हणाले, ‘आधी दोन महिने केमो, मग ऑपरेशन,’ तर नातेवाईक गोंधळून जातात. काहींना वाटतं, डॉक्टर टाळतायत. काहींना वाटतं, केमो सांगितली म्हणजे आता शेवटचं आलं. मग कोणीतरी दुसऱ्या गावातला वैद्य सुचवतो, कोणी ‘ताबडतोब कापणारा’ दवाखाना शोधतो, आणि या धावपळीत महिना-दीड महिना निघून जातो.

खरी गोष्ट उलटी आहे. जठराच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशनआधी केमो सुचवली जाते ती बहुतेक वेळा आजार बरा करण्याच्या हिशेबानेच. ही पद्धत का आली, कोणाला लागू होते, कोणाला नाही, आणि या काळात घरच्यांनी काय करायचं, याची ही माहिती.

जठराचा कॅन्सर म्हणजे नेमकं काय?

आपण ज्याला सरसकट ‘पोट’ म्हणतो, त्यात अन्न साठून घुसळलं जातं ती पिशवी म्हणजे जठर. या पिशवीची भिंत कांद्यासारखी पदरापदराची असते. कॅन्सर बहुतेक वेळा सगळ्यात आतल्या पदरात सुरू होतो आणि हळूहळू बाहेरच्या पदरांकडे जातो. पुढे तो शेजारच्या लसिका गाठींत, यकृतात किंवा पोटाच्या आतल्या पातळ पडद्यावर पोहोचू शकतो.

सुरुवातीची लक्षणं फसवी असतात. जळजळ, ढेकर, दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं वाटणं, जेवण नकोसं होणं. हे सगळं ‘ॲसिडिटी’ समजून मेडिकलमधून गोळ्या घेतल्या जातात आणि महिने जातात. मात्र वजन उतरणं, डांबरासारखी काळी शी, रक्ताची किंवा वारंवार उलटी, घास अडकणं, रक्त कमी होऊन दम लागणं, यातलं काहीही असेल तर गोळ्यांवर भागवू नये. तोंडातून दुर्बीण घालून तपासणी करावीच लागते. पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच अपचन सुरू झालं असेल तर अधिक सावध राहावं.

हा आजार होण्यामागे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाच्या जंतूचा जठरातला जुना संसर्ग हे एक मोठं कारण मानलं जातं. विडी-सिगारेट आणि फार खारवलेलं अन्न यांनीही धोका वाढतो. हा आजार शिवाशिवीने, एका ताटात जेवल्याने किंवा सेवा केल्याने होत नाही.

उपचार ठरवण्याआधी कोणत्या तपासण्या होतात?

दुर्बिणीतून गाठीचा छोटा तुकडा काढून तपासतात. कॅन्सर आहे की नाही, हे तिथेच कळतं. ‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ ही गावोगावी ऐकू येणारी भीती आहे, पण तिच्यापायी तपासणी थांबवू नये. तुकड्याच्या रिपोर्टशिवाय केमोही देता येत नाही आणि योग्य ऑपरेशनही ठरवता येत नाही.

त्यानंतर छाती आणि पोटाचा सीटी स्कॅन होतो. आजार भिंतीत किती खोल गेलाय, गाठी सुजल्यात का, यकृतावर डाग आहेत का, हे त्यात दिसतं. पण पोटाच्या पडद्यावरचे अगदी बारीक दाणे सीटी स्कॅनमध्ये सुटू शकतात. म्हणून अनेक रुग्णांमध्ये पोटाला छोटं छिद्र पाडून दुर्बिणीने आत पाहतात आणि आतलं पाणी तपासायला पाठवतात. घरच्यांना वाटतं, ‘ऑपरेशनला नेलं आणि काहीच न करता परत आणलं.’ ते तसं नसतं. मोठं ऑपरेशन उपयोगाचं ठरेल का, याची ती तपासणी असते.

तुकड्यावरच्या काही जास्तीच्या तपासण्याही सांगितल्या जातात. काही विशिष्ट प्रकारच्या गाठींना नेहमीच्या केमोचा फायदा कमी होतो, तर काहींना वेगळी औषधं लागू पडतात. त्यामुळे या तपासण्यांचा खर्च वाया जात नाही.

मग आधी केमो का?

शेतात हरळी वरवर खुरपली तर रान चार दिवस स्वच्छ दिसतं. जमिनीत मुळी राहिली असेल तर पाऊस पडला की ती पुन्हा फुटते. जठराच्या कॅन्सरचंही तसंच आहे. गाठ डोळ्यांना दिसते, पण तिच्यातून सुटलेल्या बारीक पेशी रक्तात किंवा गाठींत आधीच गेलेल्या असू शकतात. त्या कोणत्याही स्कॅनमध्ये दिसत नाहीत. सर्जन दिसणारी गाठ काढतो. न दिसणाऱ्या पेशींपर्यंत फक्त रक्तातून जाणारं औषध पोहोचतं.

आधी केमो देण्यामागे मुख्य कारणं ही :

१. न दिसणाऱ्या पेशींवर पहिल्याच दिवसापासून उपचार सुरू होतो. ऑपरेशन होऊन जखम भरेपर्यंत वाट पाहावी लागत नाही.

२. गाठ आकसली तर ती कडेच्या निरोगी भागासकट पूर्ण काढता येण्याची शक्यता वाढते. कडेला कॅन्सर राहून गेला तर ऑपरेशनचा उपयोग बराच कमी होतो.

३. ऑपरेशनआधी रुग्णाच्या अंगात ताकद असते. जठर काढल्यावर जेवण कमी होतं, वजन उतरतं आणि केमो सोसणं कठीण जातं.

४. औषध लागू पडतंय की नाही, हे गाठ शरीरात असतानाच कळतं.

तिसरा मुद्दा आकड्यांतही दिसतो. ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात ऑपरेशनआधीची केमो शंभरातल्या सुमारे ८६ रुग्णांनी पूर्ण केली, पण ऑपरेशननंतरची केमो सुरू करू शकले ते फक्त ५५ च्या आसपास. म्हणजे ‘आधी कापू, केमोचं नंतर बघू’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांच्या बाबतीत ते ‘नंतर’ कधी येतच नाही.

याचा फायदा सिद्ध झालाय का?

होय. ‘मॅजिक’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या ब्रिटिश अभ्यासात ५०३ रुग्ण होते आणि त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. एका गटाचं फक्त ऑपरेशन झालं. दुसऱ्या गटाला ऑपरेशनआधी तीन आणि नंतर तीन केमो दिल्या. पाच वर्षांनी, फक्त ऑपरेशनच्या गटात शंभरातले साधारण २३ जण हयात होते, तर केमोच्या गटात ३६.

त्यानंतर जर्मनीत ७१६ रुग्णांवर ‘फ्लॉट’ या चार औषधांच्या मिश्रणाचा अभ्यास झाला, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. जुन्या पद्धतीच्या केमोत निम्मे रुग्ण ३५ महिन्यांपेक्षा जास्त जगले होते. फ्लॉटमध्ये हाच आकडा ५० महिन्यांवर गेला. तेव्हापासून अंगात ताकद असलेल्या रुग्णांसाठी फ्लॉट ही अनेक देशांत पहिल्या पसंतीची केमो आहे. भारतातल्या कॅन्सर रुग्णालयांतही ती दिली जाते.

२०२५ साली आणखी एक अभ्यास आला. त्यात फ्लॉटसोबत ड्युर्व्हालुमॅब हे प्रतिकारशक्तीला जागं करणारं औषध दिलं. दोन वर्षांनी आजार न वाढता किंवा न उलटता राहिलेले रुग्ण शंभरात ५९ वरून ६७ वर गेले. हे औषध महाग आहे. त्यामुळे आपल्या रुग्णाला ते लागू आहे का आणि पैशांचं काय, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावं. ते परवडलं नाही म्हणून मूळ केमो आणि ऑपरेशन सोडू नये. मुख्य फायदा त्यातच आहे.

जपान आणि कोरियात मात्र बऱ्याच वर्षांपासून आधी ऑपरेशन आणि मग केमो असा रिवाज आहे. त्यामुळे एखाद्या डॉक्टरांनी आधी ऑपरेशन सांगितलं तर ते चुकलेच असं नाही. का सांगितलं, एवढं विचारून घ्यावं.

आकडे वाचताना एक भान ठेवावं. हे शेकड्याचे हिशेब आहेत, एका माणसाचं भविष्य नाही. केमो घेऊनही काहींचा आजार उलटतो, आणि काही रुग्णांत केमो चालू असतानाच गाठ वाढते. पण फक्त ऑपरेशनपेक्षा केमो आणि ऑपरेशन मिळून जगण्याची संधी वाढते, हे पक्कं आहे.

कोणाला आधी केमो, कोणाला नाही?

आजार जठराच्या भिंतीत खोल गेलेला किंवा शेजारच्या गाठींत पोहोचलेला, पण लांब न पसरलेला असेल तर साधारणपणे आधी केमो सांगतात. आपल्याकडे उशिरा दवाखान्यात येणारे रुग्ण जास्त, त्यामुळे ज्यांचं ऑपरेशन होऊ शकतं त्यातले बरेच जण याच गटात असतात.

आजार अगदी आतल्या पदरातच असेल तर दुर्बिणीतून किंवा थेट ऑपरेशनने काढता येतो. तिथे आधी केमो लागत नाही.

गाठीतून न थांबणारा रक्तस्राव होत असेल किंवा जठर फुटलं असेल तर आधी ते संकट निस्तरावं लागतं. जठराचं तोंड बंद होऊन अन्न पुढे जात नसेल तर नळी टाकून पोषण द्यायचं की आधी ऑपरेशन करायचं, हे डॉक्टर ठरवतात.

आजार यकृतात किंवा पोटाच्या पडद्यावर पसरला असेल तर केमो त्रास कमी करण्यासाठी आणि आयुष्य वाढवण्यासाठी असते. मोठं ऑपरेशन तिथे सहसा करत नाहीत. म्हणून पहिल्याच भेटीत सरळ विचारावं, ‘ही केमो ऑपरेशनच्या तयारीची आहे का?’ उत्तर काहीही असो, घरच्यांना पुढचं ठरवायला सोपं जातं.

वय जास्त, हृदय कमजोर किंवा किडनीचा त्रास असेल तर चारऐवजी दोन औषधांची हलकी केमो दिली जाते. त्यात कधीकधी एक औषध गोळ्यांच्या रूपात असतं.

किती महिने लागतात?

फ्लॉटचं वेळापत्रक साधारण असं असतं. दर १४ दिवसांनी एक, अशा चार केमो. म्हणजे अंदाजे दोन महिने. त्यातलं एक औषध २४ तास हळूहळू सोडावं लागतं, म्हणून एक रात्र दवाखान्यात राहावं लागतं किंवा छोटा पंप लावून घरी किंवा मुक्कामाच्या जागी पाठवतात. हाताच्या शिरा वारंवार खराब होऊ नयेत म्हणून छातीत कातडीखाली एक छोटी डबी बसवतात किंवा दंडातून लांब नळी टाकतात.

मग पुन्हा स्कॅन. शेवटच्या केमोनंतर चार ते सहा आठवड्यांनी ऑपरेशन. ऑपरेशनमधून उठल्यावर साधारण दीड-दोन महिन्यांनी पुन्हा चार केमो. सगळं मिळून साडेसहा-सात महिने जातात. जूनमध्ये पेरणीच्या वेळी उपचार सुरू झाला तर शेवटची केमो रब्बीची ज्वारी रानात उभी असताना होते. शेताची, जनावरांची, पोरांच्या शाळेची व्यवस्था एवढ्या काळासाठी आधीच लावून ठेवावी. कारण उपचार मध्येच तुटतो तो बऱ्याचदा आजारामुळे नाही, तर घरच्या अडचणीमुळे.

केमो चालू असताना घरी काय सांभाळायचं?

ताप ही सगळ्यात मोठी धोक्याची खूण. केमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी कमी होतात आणि साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. घरात थर्मामीटर हवाच. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त आला, किंवा थंडी वाजून आली, तर रात्र असली तरी निघायचं. तापाची गोळी देऊन ‘सकाळी बघू’ करायचं नाही. कॅन्सर रुग्णालय लांब असेल तर जवळच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात जावं आणि पोहोचताच ‘केमो चालू आहे’ हे पहिलं सांगावं. केमोची फाईल कायम सोबत ठेवावी.

जुलाब-उलटी. दिवसात चार-पाच वेळा पातळ शी झाली, पाणीही पोटात टिकत नसेल, लघवी कमी झाली, तर फोन करून दवाखाना गाठावा. डॉक्टरांनी लिहून दिलेली उलटीची गोळी वेळेवर द्यावी, उलटी व्हायची वाट बघू नये.

थंड वस्तू. फ्लॉटमधल्या एका औषधामुळे थंड लागलं की बोटांत मुंग्या येतात, घशात आवळल्यासारखं होतं. केमोनंतर काही दिवस फ्रीजचं आणि माठाचं गार पाणी टाळावं, कोमट प्यावं. पहाटेच्या गारठ्यात धारा काढणं, गार पाण्यात धुणं-भांडी करणं दुसऱ्याने करावं. मुंग्या केमोगणिक वाढत गेल्या, बटण लावताना बोटं चालेनाशी झाली, तर डॉक्टरांना सांगावं. ते डोस बदलतात.

तोंड येणं, केस जाणं, थकवा. तिखट कमी करावं, मिठाच्या पाण्याने गुळण्या कराव्यात. केस जातात, पण उपचार संपल्यावर परत येतात. बायकांना याचा फार त्रास होतो. घरच्यांनी त्यावर थट्टा करू नये.

जेवण. केमोचा डोस उंची-वजनावर ठरतो आणि ऑपरेशनला ताकद लागते. म्हणून वजन टिकवणं हाही उपचारच आहे. तीन मोठ्या जेवणांऐवजी दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं द्यावं. वरण-भात तूप घालून, अंडी, दूध, दही, पनीर, शेंगदाण्याचं कूट, नाचणीची पेज, चालत असेल तर मटण-माशाचं मऊ शिजवलेलं जेवण. उघड्यावरचं, शिळं आणि कच्चं टाळावं. ‘साखर बंद करा, दूध बंद करा, फक्त रस प्या’ अशा मोबाईलवरच्या सल्ल्यांनी रुग्ण खंगतो. जेवण अजिबात जात नसेल तर नळीतून अन्न देण्याला घाबरू नये.

जडीबुटी आणि काढे. कोणतंही जास्तीचं औषध चालू असेल तर ते लपवू नये, कारण काहींचा यकृतावर आणि केमोच्या औषधांवर परिणाम होतो. केमो थांबवून त्याच्या जागी काढा सुरू करणं म्हणजे बरं होण्याची वेळ हातची घालवणं.

तंबाखू-दारू. ऑपरेशनआधी विडी-तंबाखू सोडली तर भूल आणि जखम भरणं, दोन्ही सोपं जातं. ऑपरेशन ठरल्यावर नाही, केमोच्या पहिल्या दिवशीच सोडावी.

ऑपरेशनमध्ये आणि नंतर

गाठ कुठे आहे त्यावर जठराचा काही भाग किंवा पूर्ण जठर काढतात. सोबत आजूबाजूच्या लसिका गाठीही काढतात. या गाठी नीट काढणं हे अनुभवाचं काम आहे, म्हणून हे ऑपरेशन कॅन्सरची ऑपरेशनं नेहमी होणाऱ्या ठिकाणीच करावं. पूर्ण जठर गेलं तरी माणूस तोंडाने जेवतो, कारण अन्ननलिका आतड्याला जोडली जाते. घास लहान होतात, जेवणाच्या वेळा वाढतात. पूर्ण जठर काढलेल्यांना बी-१२ चं इंजेक्शन आयुष्यभर घ्यावं लागतं. ते चुकवलं तर रक्त कमी होतं, पाय बधिर होतात. हे इंजेक्शन लिहून दिलेला कागद दाखवून जवळच्या दवाखान्यात घेता येतं.

‘गाठ निघाली, आता केमो कशाला?’ हा प्रश्न इथे हमखास येतो. उरलेल्या चार केमो त्याच न दिसणाऱ्या मुळीसाठी असतात. अंगात ताकद असेल आणि डॉक्टर म्हणत असतील तर त्या पूर्ण कराव्यात.

खर्च आणि सोयी

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या एकत्रित योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. कॅन्सरची ऑपरेशनं आणि केमो त्यात आहेत. मात्र रुग्णालय योजनेच्या यादीत हवं. रेशन कार्ड आणि आधार घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला पैसे भरण्याआधी भेटावं. योजनेचा मदत क्रमांक १५५३८८ आहे. आधार आणि रेशन कार्डवरची नावं जुळत नसतील तर आधी ती दुरुस्त करून घ्यावीत, अनेकांचे आठवडे त्यातच जातात.

मुंबईचं टाटा मेमोरियल, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आणि बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय ही राज्यातली जुनी, माहितीतली ठिकाणं आहेत. उपचाराचा आराखडा मोठ्या ठिकाणी ठरवून केमो जवळच्या केंद्रात घेता येईल का, हे विचारावं. दर पंधरा दिवसांची मुंबईची खेप वाचू शकते. मुंबईत राहावंच लागलं तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कॅन्सर रुग्ण आणि नातेवाइकांची स्वस्तात सोय होते.

रेल्वेत कॅन्सर रुग्णाला उपचाराच्या प्रवासासाठी स्लीपर आणि थ्री टायर एसीत पूर्ण, तर सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. एसटीतही सवलत मिळते, आगारात चौकशी करावी.

डॉक्टरांना विचारायचे सात प्रश्न (स्क्रीनशॉट काढून ठेवा)

१. आजार कोणत्या टप्प्यावर आहे? लांब पसरलाय का?
२. ही केमो ऑपरेशनच्या तयारीची आहे का?
३. आतून दुर्बिणीने पाहण्याची गरज आहे का?
४. किती केमो, किती दिवसांनी? ऑपरेशन अंदाजे कोणत्या महिन्यात?
५. ताप आला तर रात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा?
६. योजनेत काय बसतं, काय बाहेरून आणावं लागेल?
७. केमो आमच्या जवळच्या रुग्णालयात घेता येईल का?

शक्यतो घरातली एकच व्यक्ती प्रत्येक खेपेला सोबत असावी, म्हणजे सांगितलेलं विसरत नाही. आणि रुग्णापासून आजार लपवू नये. सात महिन्यांचा उपचार ज्याला सोसायचा आहे, त्याला तो कशासाठी चाललाय हे माहीत असलं, तर तो तिसऱ्या केमोला ‘आता नको’ म्हणत नाही.

*(ही माहिती सर्वसाधारण आहे. आपल्या रुग्णाचा उपचार तपासणी करणाऱ्या कॅन्सरतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच ठरवावा.)*